संशोधनाच्या चाकाचा तुंबा परभणीत हवा

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. पुढे पंढरपुरी नामदेवांच्या घरी दळणकांडण करता करता त्यांनी जे नामस्मरण केले, त्यामुळे जात्याची घरघर मराठी मनाला कायमची पवित्र वाटत आली. जाती आता माळ्यावर गेली, गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या; तरी परभणी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतील ताटातून ज्वारीची भाकरी अजून हद्दपार झालेली नाही. ती भाकरी थापणारी बाई घरात सर्वांच्या आधी उठते आणि सर्वांच्या शेवटी जेवते. तिच्या अंगात रक्त किती आहे, याची चौकशी मात्र बहुधा ती बाळंतपणासाठी दवाखान्यात पोहोचल्यावरच होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने (२०१९-२१) महाराष्ट्राचे जे चित्र समोर ठेवले, ते कोणाही विचारी माणसाची झोप उडवणारे आहे. राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांच्या आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के बालकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. त्यापूर्वीच्या, २०१५-१६च्या फेरीत हेच आकडे अनुक्रमे ४८ आणि ५३.८ टक्के होते. लोहाच्या गोळ्या वाटल्या जात असताना, योजनांची नावे बदलत असताना, पंधरवडे आणि सप्ताह साजरे होत असताना हे घडले. आकड्यांच्या पद्धतीविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यांचा विचार पुढे येईल. परंतु प्रश्न आहे आणि तो मोठा आहे, याविषयी दुमत नाही.

या पार्श्वभूमीवर परभणीच्याच मातीत घडलेल्या एका गोष्टीकडे पाहावे लागते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेने मिळून ज्वारीचे एक वाण विकसित केले आणि २०१८ साली ते प्रसारित झाले. नाव ठेवले ‘परभणी शक्ती’. लोह आणि जस्त यांचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले हे देशातील पहिले ज्वारीचे वाण. सर्वसाधारण वाणांत किलोमागे सुमारे ३० मिलिग्रॅम लोह आणि २० मिलिग्रॅम जस्त असते. ‘परभणी शक्ती’त ते अनुक्रमे सुमारे ४५ आणि ३२ मिलिग्रॅम भरते. धान्यातील लोह धरून ठेवणारे आणि आतड्याला ते शोषू न देणारे फायटेट हे द्रव्यही या वाणात कमी आहे.

धान्य परभणीचे, नावही परभणीचे. आता पुढचा प्रश्न साधा आहे. ही भाकरी सहा महिने खाल्ली तर परभणीच्या बाईचे रक्त वाढेल काय?

बाजरीने घालून दिलेला धडा

या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेतल्या आकड्यांवरून देता येत नाही. दाण्यात लोह असणे ही एक गोष्ट आणि ते रक्तात उतरणे ही दुसरी. साधा हिशेब पाहावा. एखादी स्त्री दिवसाला पाव किलो ज्वारी खात असेल, तर साध्या वाणातून तिला साडेसात मिलिग्रॅम लोह मिळेल आणि ‘परभणी शक्ती’तून सव्वाअकरा. फरक पावणेचार मिलिग्रॅमचा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीच्या आहारात रोज २९ मिलिग्रॅम लोह असावे. शिवाय धान्यातील लोहाचा थोडाच अंश अंगी लागतो. जेवणासोबत लिंबू असेल तर तो वाढतो, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटतो. भाकरी लोखंडी तव्यावर भाजली की तव्याचेही थोडे लोह तिच्यात उतरते. रक्तक्षयाची सगळी कारणेही लोहाच्या पदरात टाकता येत नाहीत; ब-१२ जीवनसत्त्व आणि फॉलिक आम्ल यांची कमतरता, जंत, वारंवारचे संसर्ग, आनुवंशिक रक्तदोष हीही कारणे आहेतच. तेव्हा खरे काय ते माणसांच्या सहभागाने, शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासल्याशिवाय कळणार नाही.

असा एक अभ्यास महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले आहेत. धान्य होते बाजरी. १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ निवासी शाळकरी मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले गेले. एका गटाला अधिक लोहाच्या बाजरीची भाकरी, दुसऱ्याला साध्या बाजरीची, दिवसातून दोन वेळा, सहा महिने. चौथ्या महिन्यापर्यंतच पहिल्या गटातील मुलांचा लोहाचा साठा लक्षणीय वाढला. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होते, त्यांची ती कमतरता भरून निघण्याची शक्यता सहा महिन्यांत साध्या बाजरीच्या गटापेक्षा १.६४ पट अधिक दिसली.

हा अभ्यास एका संस्थेच्या आवाक्यातला नव्हता. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठ, धान्यातील पोषण वाढवण्यासाठी काम करणारी ‘हार्वेस्टप्लस’ संस्था अशा अनेकांनी हात लावला, तेव्हा कुठे तो तडीस गेला. आहारशास्त्रज्ञाला रक्ताची चाचणी करता येत नाही, डॉक्टरला बियाणे वाढवता येत नाही, कृषितज्ज्ञाला मुलांच्या पालकांची समजूत घालता येईलच असे नाही. आरोग्यविषयक संशोधनाला भागीदार लागतात ते याच कारणाने. अर्जाची शोभा वाढावी म्हणून केलेली ती भरती नसते.

प्रमुख कोण, सोबती कोण?

बाजरीचा हा प्रयोग ज्वारीबाबत करावयाचा झाल्यास त्याचा प्रस्ताव कोठून जावा? आजवरच्या प्रथेप्रमाणे उत्तर ठरलेले असते. मुंबई, पुणे, दिल्ली किंवा समुद्रापलीकडचे एखादे विद्यापीठ प्रस्ताव लिहिते. मुख्य संशोधक तेथला, अंदाजपत्रक तेथले, निष्कर्षांवर नाव तेथले. मराठवाड्यातील संस्थेचे नाव अर्जात शेवटच्या पानावर येते आणि तिच्या वाट्याला रक्ताचे नमुने गोळा करण्याचे काम येते. अनेकदा या ‘भागीदारा’ला प्रस्ताव वाचायलाही मिळत नाही, अर्ज भरण्याच्या अंतिम मुदतीच्या आदल्या दिवशी फक्त संमतीच्या पत्रावर सहीशिक्का मागितला जातो.

याचा दोष केवळ महानगरांच्या माथी मारून चालणार नाही. मराठवाड्यातील पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, १९५६ साली सुरू झाले. १९७४ला अंबाजोगाई, १९८८ला नांदेड, २००२ला लातूर असा तो प्रवास रेंगाळत झाला. २०११च्या जनगणनेनुसार १८ लाख ३६ हजार लोकवस्ती असलेल्या परभणी जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले ते २०२३ साली. ज्या जिल्ह्यात रक्ताची चाचणी प्रमाणित पद्धतीने करणारी, स्वतःची नैतिकता समिती असणारी शासकीय वैद्यकीय शिक्षणसंस्थाच नव्हती, तेथून आरोग्य संशोधनाचा प्रस्ताव जाणार तरी कसा?

आता ती सबब उरलेली नाही. परभणी शहरात आज कृषी विद्यापीठ आहे. त्याच्याच आवारात आहारशास्त्राचा अभ्यास करणारे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे. आणि वैद्यकीय महाविद्यालयही आहे. बियाणे, आहार आणि रक्त या तिन्ही विद्या एकाच गावात नांदणे हे भाग्य पुण्या-मुंबईलाही सहज लाभलेले नाही.

केंद्र सरकारच्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने, ज्याचा कायदा २०२३ साली झाला, भागीदारीची एक योजना आखली आहे. तीत एक मध्यवर्ती संस्था आणि तिच्याभोवती अनेक संलग्न संस्था अशी रचना आहे. इंग्रजीत तिला चाकाची उपमा देतात. मराठवाड्याच्या शेतकऱ्याला ही उपमा परकी नाही. बैलगाडीच्या चाकात मधला तुंबा असतो, त्यात आरे बसवलेले असतात आणि बाहेरून लोखंडी धाव सगळ्यांना आवळून धरते. आऱ्यांवाचून तुंबा फिरत नाही आणि तुंब्यावाचून आरे म्हणजे नुसत्या काठ्या. प्रश्न एवढाच की ज्या प्रश्नाचे मूळ परभणीत, ज्याचे धान्य परभणीचे, ज्यासाठी रक्त देणारी माणसे परभणीची, त्या चाकाचा तुंबा दुसरीकडे का असावा?

हैदराबादेतील राष्ट्रीय पोषण संस्था, पाटणचेरूचे इक्रिसॅट, पुण्या-मुंबईचे संख्याशास्त्रज्ञ हे सर्व या चाकाचे आरे जरूर व्हावेत. त्यांच्या अनुभवाशिवाय काम होणार नाही. एकेकाळी मराठवाड्याचा सारा कारभार हैदराबादेतून हुकमाने चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ते दिवस संपले. ज्ञानाच्या प्रांतात हैदराबादेशी असलेले नातेही आता बरोबरीचे व्हायला हवे.

अर्जात काय लिहावे लागते

अनुदानाचा अर्ज ही कारकुनी बाब आहे, असे समजणाऱ्यांनी एकदा तो भरून पाहावा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद वेळोवेळी संशोधन प्रस्ताव मागवते. शासकीय महाविद्यालये, विद्यापीठे यांना अर्ज करता येतो. स्वयंसेवी संस्थेला मात्र केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाच्या मान्यतेसारखा पुरावा जोडावा लागतो. खेड्यात पंचवीस-तीस वर्षे निष्ठेने काम करणाऱ्या कित्येक संस्थांकडे ही मान्यता नसते. म्हणून त्यांना वैद्यकीय महाविद्यालयासारख्या पात्र संस्थेचा हात धरावा लागतो. हा हात कोणत्या अटींवर धरावयाचा, हे अर्ज करण्यापूर्वी ठरले नाही तर पुढे भांडणे ठरलेली.

पहिली गोष्ट प्रश्नाची. तो एका वाक्यात मांडता आला पाहिजे आणि सर्व भागीदारांनी मिळून मांडलेला असला पाहिजे. ‘परभणी शक्ती’च्या बाबतीत डॉक्टर विचारील, रक्त वाढते का? कृषितज्ज्ञ विचारील, शेतकरी हे वाण पेरील का, कडबा पुरेसा देईल का? आहारशास्त्रज्ञ विचारील, सोयाबीन आणि कापसाने ज्वारीचे क्षेत्र खाल्ल्यानंतर आणि रेशनचा गहू घरात आल्यानंतर बाई आठवड्यातून किती वेळा भाकरी करते? हे तिन्ही प्रश्न खरे आहेत. परंतु मुख्य कोणता आणि जोडीचे कोणते, याचा निर्णय आधी व्हावा लागतो.

दुसरी गोष्ट मोजमापाची. राष्ट्रीय सर्वेक्षणात बोट टोचून काढलेल्या थेंबावरून हिमोग्लोबिन मोजले गेले. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या देशव्यापी बालपोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतले गेले आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षयाचे प्रमाण ४१ टक्के निघाले. पद्धत बदलली की आकडा बदलतो. शिवाय लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन हे द्रव्य अंगात ताप-संसर्ग असला तरी वाढते. म्हणून संसर्गाची खूण दाखवणारी चाचणीही सोबत करावी लागते. नमुने थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत नेण्याची व्यवस्था, वीज गेल्यास पर्याय, हे सर्व अर्जात लिहावे लागते. परीक्षक तेच आधी वाचतात.

तिसरी गोष्ट धान्याची. उदाहरणादाखल सहाशे स्त्रियांचा अभ्यास धरला आणि निम्म्या स्त्रियांना ‘परभणी शक्ती’, निम्म्यांना साधी ज्वारी द्यायची ठरली, तर रोज पाव किलोप्रमाणे १८० दिवसांना दोन्ही मिळून २७० क्विंटल ज्वारी लागेल. ती शुद्ध असावी लागेल, वेगवेगळी साठवावी आणि दळावी लागेल. एकाच गिरणीत दोन्ही दळणे मिसळली तर दोन वर्षांचे संशोधन वाया. गिरणीवाल्याला विश्वासात घेणे हे अशा अभ्यासात प्राध्यापकाला विश्वासात घेण्याइतकेच महत्त्वाचे असते.

चौथी गोष्ट पैशाची, आणि येथेच भागीदारीची खरी परीक्षा होते. कोणत्या संस्थेने काय करायचे आणि त्यासाठी तिला किती रक्कम, किती हप्त्यांत मिळणार, हे सामंजस्य करारात आकड्यांनी लिहिलेले असावे. खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता अडतो. एका भागीदाराच्या हिशेबनिसाच्या ढिलाईची शिक्षा सर्वांना होते. आशा आणि अंगणवाडी सेविकांना ‘सहकार्य करा’ एवढे सांगून राबवून घेण्याची पद्धत तर तत्काळ बंद व्हावी. त्यांच्या प्रत्येक फेरीचा मोबदला अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत दिसला पाहिजे. ज्या अर्जात ही ओळ नाही, त्या अर्जाने खेड्याला भागीदार मानलेले नाही, असे खुशाल समजावे.

परकीय पैसा आणि स्वकीय जबाबदारी

अशा अभ्यासांना आजवर मोठा आधार परदेशी निधीचा होता. त्यातून चांगली कामे झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालय संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनचे शास्त्रज्ञ त्यात भागीदार होते, वेलकम ट्रस्टचे साहाय्य होते. भारतीय बाळ वजनाने लहान, परंतु त्याच्या अंगात चरबीचा अंश अधिक, हे या अभ्यासाने जगाला दाखवून दिले. पैसा आणि सोबती परदेशी असले, तरी प्रश्न येथला होता आणि तो विचारणाराही येथला होता. तुंबा पुण्यात होता.

याच्या उलट उदाहरणही देशाने पाहिले. २००९-१० साली आंध्र प्रदेश आणि गुजरातमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प अमेरिकी संस्था ‘पाथ’, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारे यांच्या भागीदारीत राबवला गेला. वसतिगृहातील वनवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या आढळल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली प्रकल्प थांबला. मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशी समितीला आढळला नाही, हे येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल. तथापि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ सालच्या अहवालात संमतीच्या प्रक्रियेवर आणि भागीदारांच्या जबाबदारीवर कठोर ताशेरे ओढले. भागीदार अनेक होते. मुलीच्या आईला उत्तर देणारा मात्र कोणी नव्हता.

२०२० साली परकीय योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास मनाई झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा चार हातांतून फिरला की तो कोणी दिला आणि कोणी खर्चला याचा माग लागत नाही, हा या दुरुस्तीमागचा युक्तिवाद नाकारता येणार नाही. तरी तिचा एक परिणाम स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मोठ्या संस्थेच्या आधाराने संशोधनात उतरणाऱ्या तालुका पातळीवरच्या प्रामाणिक संस्थांची वाट त्यामुळे अरुंद झाली. दार बंद करताना घरात दिवा लावण्याची जबाबदारीही येते. परदेशी निधीवर मर्यादा आणणाऱ्या राष्ट्राने स्वदेशी निधी खेड्यापर्यंत पोहोचवण्याची तजवीज तितक्याच तत्परतेने करावी, ही अपेक्षा गैर नाही.

आणि जगाचा ओघही बदलला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १ मे २०२५ रोजी परदेशी भागीदारांना उपअनुदान देण्याची जुनी पद्धत, नवी रचना होईपर्यंत, थांबवल्याचे जाहीर केले. १ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची ‘यूएसएड’ ही मदतसंस्थाच बंद झाली. दुसऱ्याच्या विहिरीवर मोट चालवणाऱ्याने पाणी कधी तुटेल याचा विचार आधीच करावा, हे शहाणपण मराठवाड्याला कोणी शिकवायला नको.

स्वदेशी वाटा नाहीत असे नाही. संशोधन परिषद आहे. केंद्राचा आरोग्य संशोधन विभाग शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन कक्षांना साहाय्य देतो. त्याच विभागाच्या योजनेतून पालघर जिल्ह्यात डहाणू येथे आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र उभे राहिले. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टानुसार उद्योगांना आपला सामाजिक दायित्व निधी शासकीय विद्यापीठांतील संशोधनासाठी देता येतो. या दारांवर परभणीने थाप मारली पाहिजे.

गडचिरोलीचा दाखला

जिल्हा मागास म्हणून तेथले संशोधनही मागास, या समजाला महाराष्ट्रात एक ठसठशीत उत्तर आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि ४७ गावांशी त्याची तुलना केली. प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर २५.५ पर्यंत खाली आला. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ते एकाच ठिकाणचे आहेत, तेथली माणसे असामान्य म्हणून ते जमले, असा आक्षेप येणे स्वाभाविक होते. त्याला उत्तर दिले भागीदारीने. ‘अंकुर’ प्रकल्पातून राज्यात अन्य सात ठिकाणी स्वयंसेवी संस्थांनी हीच पद्धत राबवली. संशोधन परिषदेने पाच राज्यांत ती तपासली. आणि २०११ साली ती आशांच्या द्वारे राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग झाली. तत्पूर्वी, २००१ साली राज्यातील १३ संस्थांनी एकत्र येऊन बालमृत्यूंची मोजदाद केली आणि ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल मांडला. सरकारी दप्तरात न आलेले मृत्यू त्यामुळे चर्चेत आले आणि शासनाला मूल्यमापन समिती नेमावी लागली.

या अनुभवाचे सार असे की, प्रश्न खेड्यातून उचललेला होता, मोजमाप काटेकोर होते आणि भागीदारांना कामासोबत श्रेयही मिळाले. मराठवाड्यातही सेवेची परंपरा क्षीण नाही. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून, छत्रपती संभाजीनगरचे डॉ. हेडगेवार रुग्णालय १९८९ पासून समाजाच्या विश्वासास पात्र ठरले आहे. सेवेने मिळवलेला हा विश्वास संशोधनाच्या कामी यावा. सेवा आजच्या रुग्णाला बरे करते. संशोधन उद्याचा रुग्ण कमी करते.

घाई कशाला, असे म्हणणाऱ्यांना

परभणीचे वैद्यकीय महाविद्यालय नवे आहे, आधी वॉर्ड नीट चालू द्या, अध्यापकांच्या जागा भरू द्या, संशोधनाचे नंतर पाहू, असे म्हणणारे भेटतील. त्यांचे म्हणणे अगदीच अनाठायी नाही. अपुऱ्या मनुष्यबळावर आणखी एक ओझे लादणे योग्य नव्हे. परंतु राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमानुसार एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने ग्रामीण कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचाच आहे. दरवर्षी शंभर विद्यार्थी असे गावोगाव जाणारच आहेत. ती फेरी वहीत सही घेण्यापुरती उरकायची, की तिला एका खऱ्या प्रश्नाची जोड द्यायची, एवढीच निवड आहे. नव्या महाविद्यालयाला पहिल्या पाच वर्षांत जे वळण लागते ते पुढची पन्नास वर्षे टिकते.

नैतिकता समिती हा दुसरा अडसर सांगितला जातो. २०१९ सालच्या नियमांनी आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समित्यांना आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आवश्यक केली आहे. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगीही लागते, आणि प्रयोग सुरू होण्यापूर्वी देशाच्या नोंदवहीत त्याची नोंद करावी लागते. हे सर्व वेळखाऊ आहे. पण ज्या देशात वसतिगृहाच्या अधीक्षकाने मुलींच्या वतीने सह्या केल्या, त्या देशात हा वेळ देणे भाग आहे. संमतीपत्र परभणीच्या बोलीत वाचून दाखवले जावे आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईचा रेशन, आशा किंवा दवाखाना यांपैकी काहीही अडणार नाही, हे तिला स्पष्ट सांगितले जावे.

शेवटी एक अट अशी आहे, जी कोणत्याही अनुदानाच्या अर्जात ठळक अक्षरांत छापलेली नसते. अभ्यास संपल्यावर त्याचा निष्कर्ष प्रथम कोठे सांगितला जाणार? बहुतेक वेळा तो परदेशी नियतकालिकात छापला जातो आणि ज्या पालम, जिंतूर, सोनपेठच्या खेड्यांनी रक्त दिले तेथे त्याची वार्ताही पोहोचत नाही. परभणीने आपल्या प्रस्तावात आधीच लिहून द्यावे की, उत्तर होकारार्थी असो वा नकारार्थी, ते प्रत्येक सहभागी गावाच्या ग्रामसभेत मराठीत वाचले जाईल आणि प्रत्येक स्त्रीला तिच्या तपासणीचा कागद मिळेल. ज्वारीने रक्त वाढत नाही असे सिद्ध झाले, तरी ते सांगण्याचे धैर्य असावे. कारण तेही ज्ञानच आहे आणि त्यामुळे पुढचा पैसा चुकीच्या वाटेला जाणार नाही.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारीला श्रीअन्न म्हटले गेले, परिषदा झाल्या, पंचतारांकित उपाहारगृहांत भाकरी मिरवली. त्याच वर्षी परभणीत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. हा योगायोग नुसता योगायोग राहू नये. कृषी विद्यापीठाचे आवार आणि वैद्यकीय महाविद्यालय ही एकाच गावात आहेत. कुलगुरू, अधिष्ठाता, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि खेड्यात काम करणाऱ्या दोन-तीन संस्थांचे प्रमुख एका टेबलाभोवती बसायला एक दुपार पुरेशी आहे. त्या दुपारी एका वाक्यातला प्रश्न लिहून झाला, तर अर्जाचे निम्मे काम झाले असे समजावे.